वायपरच्या मोटारीवरची खुर्ची

ईदच्या दुसऱ्या दिवशी मिरजेला आपाच्या घरी गेले, तर अंगणात मुलांची रांग लागलेली. हातात शीरखुर्म्याच्या वाट्या आणि सगळ्यांची नजर गॅरेजला लागून असलेल्या खोलीकडे. आत एका लोखंडी सांगाड्यावर जुन्या ओम्नी गाडीचे सीट बसवलेले होते. समोर संगणकाचा पडदा, आणि सीटवर माझी आठ वर्षांची भाची पट्टा बांधून बसलेली. पडद्यावरचे विमान धावपट्टीवर वेग घेऊ लागले, तसे सीट मागे कलले. विमान डावीकडे वळले, सीटही डावीकडे झुकले. दारातली मुले ओरडली, "उडाली! उडाली!"

सीट जमिनीपासून वीतभरही वर गेले नव्हते. तरी त्या मुलीचा चेहरा पाहून वाटले, ही खरोखर आकाशात आहे.

ही खुर्ची माझ्या भाच्याने आणि त्याच्या अब्बांनी मिळून घरी बनवली. ती कशी चालते हे सांगायचे आहेच. पण ती बनवताना आमच्या घरात जे उमगले, ते प्रत्येक आईवडिलांपर्यंत आणि माझ्यासारख्या प्रत्येक शिक्षकापर्यंत पोहोचावे, म्हणून हा लेख.

ठिपक्यांचे पुस्तक

भाचा लहानपणापासून विमानवेडा. कोल्हापूरला गेलो की उजळाईवाडीच्या विमानतळाकडे नेण्याचा हट्ट ठरलेला. बारावीला फिजिक्स आणि गणित घेतले तेही पायलट होण्यासाठीच. दुल्हाभाई गाड्यांच्या वायरिंगचे काम करतात. प्रशिक्षणाचा खर्च ऐकून त्यांच्या पोटात गोळा आला होता. पण कर्ज, शिष्यवृत्ती, गावाकडची जमीन अशी सगळी चर्चा घरात झाली, आणि ठरले की पैशांचे नंतर पाहू, आधी वैद्यकीय तपासणी करून घेऊ.

तपासणीत त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांचे पुस्तक ठेवले गेले. जपानी डॉक्टर इशिहारा यांनी १९१७ साली तयार केलेली ही चाचणी आजही जगभर वापरतात. ठिपक्यांमध्ये लपलेला आकडा वाचायचा असतो. भाच्याला बहुतेक पानांवर आकडा दिसलाच नाही. त्याला लाल-हिरव्या रंगांतला फरक नीट कळत नव्हता. सतरा वर्षे आम्हा कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते.

विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो, उजव्या पंखाच्या टोकाला हिरवा. रात्री समोरचे विमान येते आहे की जाते आहे, हे त्या दिव्यांवरून कळते. धावपट्टीजवळच्या लाल-पांढऱ्या दिव्यांवरून आपण योग्य उंचीवर आहोत की खाली आलो आहोत, ते समजते. तेव्हा चाचणी कडक असण्याला कारण आहे. पण कारण पटले म्हणून दुःख कमी होत नाही.

त्यातच कोणीतरी आपाला सांगितले की हा दोष आईकडून मुलाकडे येतो. शास्त्रीयदृष्ट्या हे खरे आहे. या दोषाचे जनुक 'एक्स' गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळते. आईकडे अशी दोन गुणसूत्रे असल्याने एकातला दोष दुसरे झाकून टाकते. मुलाकडे एकच असल्याने तो उघड होतो. म्हणूनच हा दोष पुरुषांत जास्त आढळतो. पण आपाने त्याचा अर्थ एकच घेतला, "माझ्यामुळे माझ्या मुलाचे आकाश गेले." जे आपण निवडले नाही, ज्याची आपल्याला खबरही नव्हती, त्याचा गुन्हा कसा होईल? हे मी तिला किती वेळा समजावले असेन.

भाचा मात्र बोलेनासा झाला. रात्र रात्र संगणकावर विमान उडवण्याचा खेळ खेळत बसे. दुल्हाभाई चिडून म्हणायचे, "जे होणार नाही, त्याचा खेळ कशाला?" बापलेकांतले बोलणे जेवणापुरते उरले.

एके दिवशी त्याने मला फोनवर विचारले, "खाला, पडद्यावर विमान वळते, पण अंगाला काहीच कळत नाही. खुर्ची हलवता आली तर?" सहा महिन्यांत त्याने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मला विमानातले काही कळत नाही, पण मुलाने प्रश्न विचारला की दार बंद करायचे नाही, एवढे शिकवण्याच्या नोकरीने शिकवले आहे. मी म्हटले, "करून बघ."

भात्यावर उडालेले विमान

उडण्याची ओढ जुनी आहे. पवित्र कुरआनात सूरह मुल्कमध्ये डोक्यावरून पंख पसरून जाणाऱ्या पक्ष्यांकडे पाहायला सांगितले आहे. नवव्या शतकात अंदलुसच्या कुर्तुबा शहरात अब्बास इब्न फिरनास यांनी अंगाला पंख लावून उंचावरून झेप घेतल्याची नोंद इतिहासकार अल-मक्करी यांनी केली आहे. काही अंतर ते तरंगले, पण उतरताना त्यांच्या पाठीला दुखापत झाली. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो, आणि इब्न फिरनास यांनी शेपटी लावली नव्हती. चूक कळली ती जमिनीवर आदळल्यावर.

जमिनीवरच चुका करता आल्या तर? याचे उत्तर अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन शहरातल्या एका तरुणाने शोधले. एडविन लिंक हे त्याचे नाव. वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. एडविनला विमान शिकायचे होते, पण शिकवणीचे तास फार महाग. ऑर्गनमध्ये हवेच्या दाबाने भाते कसे फुगतात आणि मिटतात, हे त्याला कारखान्यात काम करून पाठ झाले होते. त्याने लाकडाचे छोटे विमान बनवले आणि ते भात्यांवर बसवले. आतली दांडी हलवली की एका बाजूचा भाता फुगे, दुसऱ्या बाजूचा मिटे, आणि विमान झुके. १९२९ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला.

मिरज हे वाद्यांचे गाव. इथे हार्मोनियमचा भाता पोराटोरांनाही माहीत असतो. त्यामुळे लिंकची युक्ती मी सांगितली तेव्हा आपाच्या घरात ती समजावून द्यावी लागली नाही.

सुरुवातीला लिंकच्या यंत्राला लोकांनी जत्रेतले खेळणे मानले. बरीच यंत्रे करमणुकीच्या बागांनाच विकली गेली. मग १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचे काम पडले. खराब हवेत, ढगांत, रात्री उडायची सवय नसल्याने एकामागून एक अपघात झाले आणि अनेक तरुण वैमानिक दगावले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी सुमारे दहा हजार यंत्रे बनली आणि त्यांवर सुमारे पाच लाख जण शिकले. काल ज्याला खेळणे म्हटले, त्यानेच किती घरांचे चिराग वाचवले असतील, याचा हिशेब अल्लाहलाच ठाऊक.

ही गोष्ट मी दुल्हाभाईंनाही सांगितली. ते काही बोलले नाहीत, पण ऐकत होते.

कानातला तोल

खुर्ची नुसती हलवून भागत नाही. कधी, किती आणि कुठे हलवायची, याचे उत्तर आपल्या कानात आहे. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरले की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळते की आपण वळतो आहोत. त्यांच्याजवळच सूक्ष्म खडे असलेले दोन अवयव असतात. ते वजनाची दिशा आणि वेगातला बदल सांगतात.

या रचनेला एक मर्यादा आहे. वेग वाढताना अंग मागे रेटले जाते आणि खुर्ची मागे कलली तरी अंग मागे रेटले जाते. डोळ्यांपुढे खूण नसेल तर कानाला या दोन्हींतला फरक कळत नाही. मोठमोठ्या विमान कंपन्यांची शिकवण्याची यंत्रे याचाच उपयोग करतात. पडद्यावर विमान धावू लागले की खुर्ची थोडी मागे कलवायची. बसणाऱ्याला वाटते, वेग वाढला. मग ती इतकी हळू मूळ जागी आणायची की अंगाला पत्ता लागू नये, म्हणजे पुढच्या झटक्यासाठी जागा मोकळी राहते.

हीच मर्यादा खऱ्या आकाशात जीवघेणी ठरते. ढगात विमान एका लयीत बराच वेळ वळत राहिले, तर नलिकांतला द्रव स्थिर होतो आणि वैमानिकाला वाटते, आपण सरळ चाललो आहोत. मग विमान खरोखर सरळ केले की उलट्या बाजूला वळल्यासारखे वाटते. म्हणून वैमानिकाला पहिल्यापासून शिकवतात की अंगाच्या जाणिवेपेक्षा समोरच्या यंत्रावर विश्वास ठेव. आपल्याला जे ठामपणे जाणवते ते खरे असेलच असे नाही. हे वाक्य पुढे आमच्याच घराला लागू पडणार होते.

भंगारातून सांगाडा

भाच्याने फ्लाइटगिअर हा प्रोग्राम वापरला. तो मोफत आणि खुला आहे, त्यामुळे चोरीची प्रत वापरण्याचा प्रश्नच नव्हता. विमान किती अंश झुकले, किती वर-खाली झाले, हे आकडे हा प्रोग्राम सतत बाहेर पाठवू शकतो. ते आकडे अर्डुइनो नावाच्या छोट्या सर्किट बोर्डाकडे जातात आणि बोर्ड मोटारी फिरवतो.

सीटच्या खाली मधोमध गाडीच्या प्रोपेलर शाफ्टचा जुना क्रॉस जॉइंट बसवला, म्हणजे सीट पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे अशा दोन्ही दिशांना झुकू शकते. मागच्या बाजूला डावी-उजवीकडे दोन वायपरच्या मोटारी लावल्या. दोन्ही एकाच दिशेने रेटल्या तर सीट पुढे-मागे कलते. उलटसुलट रेटल्या तर बाजूला झुकते. मोटारीच्या दांड्याला चार सेंटिमीटरचा हात, आणि तो सीटला जॉइंटपासून तीस सेंटिमीटरवर जोडलेला. हिशेब केला तर साडेसात अंशांच्या आसपास कल मिळतो. ऐकायला कमी वाटते, बसल्यावर पुरेसा वाटतो. हात लांब केला तर कल वाढतो, पण मोटारीची ताकद कमी पडते.

वायपरचीच मोटार का? कारण तिच्यात वर्म गिअर असतो. ती हळू फिरते, जोर जास्त लावते आणि करंट बंद झाला तरी जागा सहसा सोडत नाही. भंगारात ती काही शे रुपयांत मिळाली. सगळा खर्च नऊ हजारांच्या आत राहिला. दर आठवड्याचा हिशेब भाच्याने वहीत लिहिला, कारण इस्राफ म्हणजे उधळपट्टी होता कामा नये, ही आपाची अट होती. दुसरी अट, अजान झाली की पाना खाली.

पहिल्याच चाचणीला फ्यूज उडाला. दुसरा लावला, तोही उडाला. भाचा दोन दिवस तारा तपासत बसला. तिसऱ्या दिवशी दुल्हाभाई दारात उभे राहून म्हणाले, "या मोटारीची अर्थिंग बॉडीतून असते. दोन्ही मोटारी तू एकाच लोखंडावर बसवल्यास. एक सुलटी, एक उलटी फिरवलीस की शॉर्ट होणारच."

भाच्याने वर पाहिले. "मग काय करायचे, अब्बा?"

"खोलायची. आतल्या ब्रशची तार बॉडीपासून सोडवून वेगळी बाहेर काढायची. आण इकडे."

पुस्तकात आणि संगणकावर सापडले नव्हते ते उत्तर वीस वर्षे गाड्यांखाली झोपलेल्या माणसाकडे होते. त्या रात्रीपासून दुकान बंद झाल्यावर दोघे एकत्र बसू लागले.

लाल तार, तपकिरी तार

मोटार नेमकी कुठे आहे हे बोर्डाला कळावे, म्हणून तिच्या दांड्याला रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा एक भाग जोडतात. त्याला तीन तारा असतात. कडेच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर बोर्डाला सगळे उलटे कळते. मोटार जेवढी चुकते तेवढी आणखी चुकीच्या बाजूला धावते.

नेमके तेच झाले. दुल्हाभाईंनी गाडीच्या उरलेल्या तारांचे तुकडे दिले होते. लाल कुठे लावायची, तपकिरी कुठे, हेही सांगितले होते. बटण दाबताच सीट एका बाजूला सुसाट गेले आणि सांगाड्यावर धाडकन आदळले. हात वाकडा झाला. सुदैवाने सीटवर कोणी नव्हते.

दुल्हाभाई ओरडले, "लाल या टोकाला सांगितली होती ना? लक्ष कुठे असते तुझे?"

भाचा शांतपणे म्हणाला, "अब्बा, मला दोन्ही सारख्याच दिसतात."

आपा सांगते, दुल्हाभाई कितीतरी वेळ त्या तारांकडे पाहत राहिले. तपासणीचा निकाल त्यांना माहीत होता, पण तो कागदावरचा होता. त्याचा अर्थ त्या क्षणी त्यांच्या हातात आला. भाचा आठ-नऊ वर्षांचा असताना रविवारी गॅरेजमध्ये मदतीला यायचा. हिरवी तार मागितली की तपकिरी द्यायचा. दर वेळी बोलणी खायचा, "कामात मन नाही, डोळे उघडे ठेव." पुढे त्यांनी त्याला बोलावणेच बंद केले. पोराला हातकाम जमणार नाही, अशी त्यांची खात्री झाली होती. आणि पोराचीही झाली होती.

मगरिबची अजान झाली. ते नमाजला गेले. परतताना हातात फेरूलचे पाकीट होते. मोठ्या पॅनलच्या वायरिंगमध्ये तारांच्या टोकांना आकडे लिहिलेल्या लहान नळ्या चढवतात, त्यांना फेरूल म्हणतात. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना त्यांनी सारखा आकडा चढवला. म्हणाले, "आता रंग विसर. आकडे वाच." आणि थोड्या वेळाने, "इतकी वर्षे मी तुला उगाच बोललो, बेटा."

आमच्या घराण्यात वडिलांनी मुलाची माफी मागितल्याचे मी कधी पाहिले-ऐकले नव्हते. आपा म्हणाली, त्या रात्री तिचाही जीव हलका झाला.

बनवणाऱ्यांसाठी

हे वाचून कोणा घरात असा बेत ठरला, तर काही गोष्टी सांगते. या आमच्या भाच्याच्याच वहीतल्या आहेत.

पहिल्या सगळ्या चाचण्या रिकाम्या सीटवर करा. मग माणसाऐवजी पन्नास किलोच्या तांदळाची गोणी बांधा. ती आठवडाभर नीट डोलली तरच माणूस बसवा. बसणाऱ्याच्या हाताशी मोटारींचा वीजपुरवठा तोडणारे मोठे बटण हवेच. नुसता संगणकावरचा थांबा पुरत नाही. आमच्याकडचे बटण घुमटासारखे आहे, म्हणजे रंग न पाहता हाताला सापडते. कल मर्यादेबाहेर जाऊ लागला तर मोटार आपोआप बंद करणारे स्विच दोन्ही टोकांना लावा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, पण करंट मोठा असतो. तारा जाड घ्या आणि प्रत्येक मोटारीला वेगळा फ्यूज लावा. घरच्या विजेचे काम जाणकाराकडूनच करून घ्या. फिरत्या भागांना प्लायवूडची पेटी करा, लहान मुलांची बोटे तिथेच जातात. मळमळ झाली तर लगेच थांबा. आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण इथेही लागू आहे.

आधी विचारा

भाचा पायलट होणार नाही. विमानाचा आवाज आला की तो अजूनही वर पाहतो आणि काही बोलत नाही. ते दुःख खुर्चीने पुसले नाही. पण त्याने इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीला प्रवेश घेतला आहे. सर्किटमधल्या रेझिस्टरवर किंमत रंगांच्या पट्ट्यांनी दाखवतात. तो प्रत्येक रेझिस्टर मीटरने मोजून घेतो, एखादे मिनिट जास्त लागते इतकेच. वैमानिक ज्यावर शिकतात ती यंत्रे बनवायची, असे तो म्हणतो. इन्शाअल्लाह.

मी स्वतःही या खुर्चीपासून एक धडा घेतला. माझ्या वर्गात नकाशात नदी जांभळी आणि जंगल तपकिरी रंगवणारी मुले मी पाहिली आहेत. वहीवर "लक्ष दे" असा शेरा मारून मी पुढे गेले आहे. आता मी थांबते आणि विचारते, "हा खडू कोणत्या रंगाचा आहे?" फळ्यावर लाल-हिरव्या खडूने फरक दाखवत नाही, रेषा एक सरळ काढते, एक तुटक.

पालकहो, मुलगा शाळेत जाऊ लागला की एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगांची चाचणी करून घ्या. ती काही मिनिटांत होते. दोष निघाला तर त्यावर औषध नाही, पण वाट वेळेवर निवडता येते. पायलट, रेल्वेचा इंजिन चालक अशा कामांत रंग नीट दिसणे आवश्यक असते. हे बारावीनंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. आणि कोणी आईला दोष देऊ लागले, तर त्याला तिथेच थांबवा.

आता गॅरेजमध्ये दुल्हाभाई नव्या वायरिंगच्या तारांना फेरूल चढवतात. रविवारी दुकानात मदतीला कोण असते, हे सांगायला नकोच.